रायफलीखालची दुसरी नळी ही ‘अ‍ॅक्सेसरी’ नव्हे

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं लेथचं छोटं दुकान आहे. यंत्रमागाचे सुटे भाग, पंपाचे शाफ्ट, असली कामं करतो. म्हणाला, “काका, एका पार्टीनं ड्रॉइंग पाठवलंय. रायफलीच्या खाली बाराबोरची आखूड नळी बसवायचीय. नळी त्यांचीच हाय, आपण निस्ती पट्टी आन् क्लॅम्प करून द्यायचं. करू काय?” मी म्हटलं, “कशाला हात लावू नको, आधी घरी ये.” संध्याकाळी तो विजापूर रोडला घरी आला, मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं. बाराबोर म्हणजे छर्ऱ्याच्या काडतुसाची बंदूक. मापं अगदी नीट लिहिलेली होती. त्याच्याकडूनच पार्टीला नकार कळवला. उत्तर आलं, “राहू दे, दुसरा लेथवाला बघतो.”

त्या दुसऱ्या लेथवाल्याचा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मी सैन्यात आर्मरर होतो, म्हणजे पलटणीच्या हत्यारांची तपासणी आणि दुरुस्ती करणारा. बावीस वर्षं तेच काम केलं.

हे खूळ आलं कुठून ते ड्रॉइंगसोबतच्या व्हिडिओवरून कळलं. तोच व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मजकूर आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर आला, डाळिंबवाल्यांच्या ग्रुपवर आला, मोहोळच्या मेव्हण्याकडेही आला. त्यात सांगितलंय ते असं: रायफलीचा परवाना असेल तर तिच्याखाली दुसरी नळी लावायला वेगळा परवाना लागत नाही, कारण ती दुर्बिणीसारखी जोडवस्तू आहे. बनवून देणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. मिरचीचा किंवा गॅसचा मारा करणारं लाँचर तर पूर्ण मोकळं आहे. लष्कर हेच वापरतं, म्हणून ते भरवशाचं. अमेरिकेत कुणीही लावतो. आणि करमाळ्यात बिबट्या आला तेव्हा शेतकऱ्याकडे असं हत्यार असतं तर माणसं वाचली असती.

यातलं एकही विधान टिकत नाही. काही तर माणसाला तुरुंगात घालतील अशी आहेत.

“एक परवाना, एक रायफल, खाली लावलं ते अ‍ॅक्सेसरी”

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 2 काढून वाचा. स्फोटकाच्या किंवा इतर कुठल्या ऊर्जेच्या जोरावर गोळी, छर्रा, काहीही फेकण्यासाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे अग्निशस्त्र. ती खांद्याला लावायची आहे की दुसऱ्या रायफलीला बांधायची आहे, याच्याशी व्याख्येला काही देणंघेणं नाही. जिच्यात काडतूस बसतं आणि चाप ओढला की उडतं, ती नळी स्वतःच एक हत्यार आहे. इतकंच नाही, अग्निशस्त्राचे सुटे भागसुद्धा त्याच व्याख्येत घातलेले आहेत. म्हणजे ‘नळी तर नुसती सुटी पडलीय’ हा बचावही उरत नाही.

दुर्बिणीची उपमा फसवी आहे. दुर्बीण काही उडवत नाही. आणि सगळ्या जोडवस्तू मोकळ्या आहेत असंही कायदा म्हणत नाही. गोळीचा आवाज किंवा झोत कमी करणारी जोडवस्तू, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो, ती एक गोळीही स्वतः फेकत नाही, तरी कायद्याने तिला अग्निशस्त्राच्याच व्याख्येत बसवलंय. जे काहीच फेकत नाही त्यालाही जिथं सूट नाही, तिथं बाराबोरचं काडतूस फेकणाऱ्या नळीला सूट कशी मिळेल?

आता त्या ड्रॉइंगमधलं माप सांगतो. नळीची लांबी तिथं दहा इंच लिहिली होती. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी नागरिकाला ज्या साध्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, तिच्याबद्दल कलम 13 मध्येच लिहिलंय की नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. पिकाच्या राखणीसाठी त्याच कलमात ठासणीची बंदूक आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी, आणि तीही वीस इंचांच्या अटीतलीच. वीस इंचांखालची नळी शस्त्र नियमांच्या परिशिष्टात वेगळ्या, वरच्या वर्गात जाते. तिचा परवाना सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे किंवा ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे मागून मिळत नाही, तो विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. ज्याच्या कपाटात साध्या .315 रायफलीचा परवाना आहे, त्याने दहा इंची नळी बांधली तर तो ‘एकाच परवान्यात’ बसलेला नसतो. विनापरवाना दुसरं शस्त्र, तेही निर्बंध असलेल्या वर्गातलं, त्याच्याकडे आहे असा अर्थ होतो.

कुणी म्हणेल, घरात आजोबांच्या वेळची परवान्याची दोननळी आहे, तिचीच नळी कापून लावू. कलम 6 नेमकं यासाठीच आहे. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याच कलमात एका वर्गातल्या शस्त्राचं दुसऱ्या वर्गातल्या शस्त्रात रूपांतर करणंही आलं.

आणि संख्या. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त तीनऐवजी दोन शस्त्रं ठेवली. ज्याच्याकडे रायफल आणि रिव्हॉल्वर आहे, त्याची संख्या तिथंच भरली.

“बनवणाऱ्यावर काही येत नाही”

या ओळीने मला लिहायला बसवलं.

विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगलं तर कलम 25 खाली आजची शिक्षा साधारणपणे दोन ते पाच वर्षं आहे. आणि विनापरवाना ते बनवलं, विकलं, रूपांतरित केलं किंवा नळी आखूड केली तर? किमान सात वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत. 2019 पूर्वी हीच शिक्षा तीन ते सात वर्षं होती, ती मुद्दाम वाढवली. म्हणजे ज्याच्याकडे ते नुसतं सापडलं त्याच्यापेक्षा ज्याने लेथवर काम केलं त्याच्यावर कायद्याचा हात जास्त जड पडतो.

कलम 5 मधले शब्दही बघा: बनवणं, विकणं, हस्तांतरित करणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं. दुरुस्तीसुद्धा त्यात आहे. ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नाही त्याने शेजाऱ्याच्या परवान्याच्या बंदुकीचा तुटलेला घोडा घासून दिला तरी तो या कलमाच्या कचाट्यात येतो. आपल्याकडे पुष्कळ चांगल्या कारागिरांना हे ठाऊकच नाही. लेथवाल्याला वाटतं, मला लोखंडाचा तुकडा दिला, मी माप धरून कातला, पुढचं मला काय माहीत. नुसता क्लॅम्प हा शस्त्राचा भाग ठरतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. पण तो वाद चालेपर्यंत पोरगा कोठडीत आणि दुकानाला सील, अशी वेळ येते. त्यातून मोबाइलवर ‘रायफलखालची नळी’ असं लिहिलेलं ड्रॉइंग सापडलं, तर ‘मला काय माहीत’ हे कोण ऐकून घेईल?

सोलापूरच्या लेथवाल्यांचा हात मला माहीत आहे. मागाचा तुटलेला गिअर बघून, ड्रॉइंग नसताना, दुसरा तंतोतंत बनवून देणारी माणसं इथं आहेत. मागांचं काम कमी झाल्यापासून अशी दुकानं कशीबशी तग धरून आहेत. चार हजार रुपयांचं काम घेऊन कुणी आलं की नाही म्हणणं जड जातं, हेही मला कळतं. म्हणून स्पष्ट लिहितो: बंदुकीच्या कुठल्याही भागाचं ड्रॉइंग आलं तर काम घेऊ नका. परवान्याची प्रत दाखवली तरी घेऊ नका. तो परवाना त्याच्या बंदुकीचा असतो, तुमच्या लेथचा नसतो.

आणखी एक गोष्ट या कलमांत येत नाही, पण ती माझ्या कामातली आहे. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासलेली असते, त्यावर ठसा असतो, क्रमांक असतो. खडकीच्या कारखान्याचं साधं शक्तिमान काडतूस दिसायला लाल-हिरव्या प्लॅस्टिकचं खेळणं वाटतं. नळीत उडताना ते जो दाब तयार करतं तो पाण्याच्या पाइपाचं काम नाही. तपासणी न झालेली नळी फुटते ती चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथं. रायफलीखाली लावलेल्या नळीचं चेंबर नेमकं तिथं येतं जिथं डाव्या हाताने रायफल पेललेली असते.

“मिरचीचं, गॅसचं लाँचर मोकळं आहे”

उलट आहे. अपायकारक द्रव किंवा वायू फेकण्यासाठी बनवलेलं शस्त्र कलम 2 मध्ये ‘प्रतिबंधित शस्त्रा’च्या व्याख्येत, चाप दाबून ठेवला की गोळ्या सुटत राहणाऱ्या स्वयंचलित बंदुकीच्या शेजारी बसवलेलं आहे. प्रतिबंधित शस्त्र जवळ ठेवण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षं आहे. ज्याला हा व्हिडिओवाला सगळ्यात निरुपद्रवी म्हणतोय, ते कायद्याच्या नजरेत बाराबोरपेक्षा भारी आहे.

बेयोनेटचा उल्लेखही त्या मजकुरात आहे, की रायफलीखाली संगीन पूर्वीपासून लागतेच ना. लागते, सैन्यात. नागरिकांसाठी संगीन तलवार-भाल्यांच्या वर्गात, पाचव्या वर्गात, नावानिशी नोंदलेली आहे.

“लष्कर वापरतं, म्हणजे भरवशाचं”

लष्कर वापरतं हे खरं आहे. आपल्याकडे इन्सास आणि एके रायफलीखाली 40 मिलिमीटरचा ग्रेनेड लाँचर लागतो, त्याला आम्ही यूबीजीएल (अंडर बॅरल ग्रेनेड लाँचर) म्हणायचो. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने त्याची रचना केली. अमेरिकेचा एम-203 हा 1969 पासूनचा, त्याचं वजन एक किलो 360 ग्रॅमच्या आसपास. रशियाचा जीपी-25 दीड किलोचा. पण ही वस्तू कशासाठी आहे ते व्हिडिओवाल्याला माहीत नाही. तो म्हणतो, अचानक जवळ आलेल्या शत्रूसाठी. एम-203 चा स्फोटक ग्रेनेड नळीतून निघाल्यावर 14 मीटर तरी पुढे जाईपर्यंत सज्जच होत नाही. उडवणाऱ्याचा स्वतःचा जीव जाऊ नये म्हणून तशी रचना केलेली असते. ती वस्तू आडोशामागच्या, दूरच्या शत्रूसाठी आहे, जवळच्या झटापटीसाठी नाही.

रायफलीखालची शॉटगनही आहे. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात ‘मास्टरकी’ नावाची निघाली. तिचं काम नावातच आहे: दाराचं कुलूप, बिजागरी उडवून खोलीत शिरणं. कुलपापासून वीतभर अंतरावर, एकदा. नंतर त्यांनीच एम-26 आणली, तीत सोय अशी की ती रायफलीवरून काढून, स्वतंत्र दस्ता लावून, वेगळी वापरता येते. ज्यांच्याकडे पैसा, प्रयोगशाळा, प्रशिक्षण सगळं आहे, त्यांनाही ती रायफलीवरून सुटी करावीशी वाटली, यावरून काय ते समजून घ्यावं.

आता आमच्या फायरिंग रेंजवरची एक गोष्ट. दिवसभराचा सराव संपत आला होता, उन्हाने पोरं थकलेली. ‘खाली कर’, म्हणजे हत्यार रिकामं करा, हा हुकूम झाला, मग ‘जाँच शस्त्र’. एका जवानाने मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबर दाखवलं. उस्तादाने, म्हणजे शिकवणाऱ्याने, आत बघितलं, पुढे गेला. मी मागच्या बाकावर तेलाचा डबा घेऊन बसलो होतो. माझी नजर खालच्या नळीवर गेली, ती उघडलेलीच नव्हती. मी उठून त्याच्या हातून हत्यार घेतलं, खालची नळी उघडली, आणि सरावाचा एक राउंड माझ्या तळहातावर आला. त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. हाताला वर्षानुवर्षं एकच हत्यार खाली करण्याची सवय. दोन नळ्या म्हणजे दोन चाप, दोन सेफ्टी, दोन वेळा खाली करणं, आणि थकलेल्या डोक्याला एकच आठवतं. हे रोज हत्यार हाताळणाऱ्या, डोक्यावर उस्ताद उभा असलेल्या जवानाचं झालं. शेतकरी वर्षातून चार वेळा बंदूक काढतो, रात्री, बॅटरीच्या उजेडात. घरी येऊन रायफल रिकामी करेल आणि खालची नळी भरलेली तशीच कपाटात ठेवेल. सकाळी ती कोण उचलेल?

नेमाचं तर बोलायलाच नको. गोळी सुटते तेव्हा नळी तारेसारखी थरथरते आणि रायफल झिरो केलेली, म्हणजे तिचा नेम जुळवलेला असतो, तो त्या थरथरीसकट. नळीला दीड किलो लोखंड आवळलं की थरथर बदलते, गोळी दुसरीकडे लागते. पुन्हा झिरो करा, बाराबोरचे चार बार काढा, त्या धक्क्याने क्लॅम्प केसभर सरकतो, आणि नेम पुन्हा गेला. शिवाय वरच्या नळीचं साईट, म्हणजे नेम धरायची खूण, खालच्या नळीला लागू पडत नाही. .315 ही लाकडी दस्त्याची साधी बोल्ट रायफल. तिच्यावर असलं काही अडकवायची सोयच कारखान्याने ठेवलेली नाही. पुढे जड झालेली रायफल खांद्यावर दहा सेकंद धरून बघा, टोक खाली झुकू लागतं.

याच मुद्द्यावर माझ्या एका जुन्या सोबत्याने ग्रुपवर चांगला प्रश्न विचारला, त्याला उत्तर देणं लागतो. जर्मनीत ‘ड्रिलिंग’ नावाची तीन नळ्यांची शिकारी बंदूक शंभर वर्षांहून जास्त काळ आहे, दोन छर्ऱ्याच्या नळ्या आणि एक रायफलीची. मग ती कशी चालते? चालते, कारण ती कारखान्यातून तशीच जन्माला येते. नळ्या एकमेकींना जोडूनच त्यांचा नेम जुळवलेला असतो, तिन्ही नळ्या एकदम उघडतात आणि एका नजरेत दिसतात, आणि नोंद तीन नळ्यांचं हत्यार म्हणूनच होते. क्लॅम्पचा तिच्याशी काही संबंध नाही.

“अमेरिकेत कुणीही लावतो”

अमेरिकेचा कायदा आपल्या परवान्याला लागू नाही, इथंच उत्तर संपायला हवं. पण विधानही खोटं आहे. तिथं 1934 पासूनच्या केंद्रीय कायद्याने 18 इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनला सरकारी नोंदणी लागते. त्या कायद्याने त्यावर 200 डॉलरचा कर बसवला होता, आणि 1934 साली 200 डॉलर ही बंदुकीच्या किमतीहून मोठी रक्कम होती. 40 मिलिमीटरचा ग्रेनेड लाँचर 1968 पासून ‘विध्वंसक साधन’ या वर्गात आहे, आणि त्यात घालायचा प्रत्येक स्फोटक ग्रेनेड स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. नोंदणीशिवाय सापडला तर तिथंही तुरुंग आहे. व्हिडिओत जे दाखवतात त्यामागे ही कागदपत्रं असतात, नाहीतर ती छर्ऱ्याची खेळणी असतात.

“करमाळ्यात हे असतं तर…”

हे वाचून राग आला. 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा लोक ऊसतोडीला जायला घाबरत होते, लेकरांना दाराबाहेर सोडत नव्हते. माझ्या मेव्हण्याची सासुरवाडी त्या भागात आहे, त्या दिवसांत रोज फोन व्हायचे. त्या दुःखाचा वापर कुणी क्लॅम्प विकायला करू नये.

तो बिबट्या शेवटी गोळी घालूनच मारला गेला, पण वनखात्याचा आदेश निघाल्यावर, कित्येक दिवस माग काढून, नेमबाजाच्या हातून. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. जिवावर बेतलं आणि स्वसंरक्षणात मारला तर कलम 11 मध्ये त्याला जागा आहे. पण त्याच कलमात अट आहे: त्या वेळी तो माणूस स्वतः हाच वन्यजीव कायदा मोडत असेल तर ही सूट नाही. आणि जीव वाचला तरी बेकायदा नळीचा शस्त्र अधिनियमाखालचा गुन्हा वेगळा उरतोच.

आणि हाताने विचार करा. ऊसातून बिबट्या बाहेर येतो तेव्हा माणसाला दोन-तीन सेकंद मिळतात. त्यात कुठला चाप, कुठली सेफ्टी, कुठलं साईट हे ठरवायचं? दहा इंची नळीचा झोत काळोखात डोळ्यांवर येतो, आणि जखमी बिबट्या ऊसात परत जातो. दुसऱ्या दिवशी तो ऊस कुणीतरी तोडायला जाणारच असतं. रानडुकरांचंही तेच, त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि ती परवानगी मिळाल्यावर वीस इंचांवरची साधी परवान्याची बाराबोर जे काम करते ते ही जोडाजोड करणार नाही.

“घरात काय लावलंय ते कोण बघतंय?”

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. गेल्या खेपेला एका शेजाऱ्याबरोबर मी ग्रामीण भागातल्या एका ठाण्यात गेलो होतो. टेबलावर पोतं अंथरलेलं, हवालदार एकेक हत्यार घेऊन नळीवरचा क्रमांक परवान्याच्या पानावरच्या क्रमांकाशी ताडत होता, उजेडात धरून, अंगठ्याने तेल पुसून. आमच्या पुढच्या माणसाच्या रायफलीला खाली नळी नव्हती, पण दस्त्याच्या लाकडावर दोन बाजूंना आवळल्याचे ताजे वळ होते. हवालदाराने रायफल उलटी केली, वळांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “इथं काय बसवलं होतं?” तो माणूस काहीच बोलला नाही. हवालदाराने त्याला बाकावर बसायला सांगितलं आणि आतल्या साहेबांना हाक मारली. आमची पावती घेऊन आम्ही निघालो तेव्हाही तो तिथंच बसलेला होता.